प्रगतीपत्रकावर सही करण्याआधी: शाळेतलं मूल्यमापन, पालक आणि मुलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पहिलं सत्र संपलं की आणि पुन्हा मे महिन्यात निकालाच्या वेळी फोनवर तेच तेच प्रश्न येतात, काही ओळखीच्या पालकांचे, बरेचसे अनोळखी. दर वेळी नव्याने टाईप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवते आहे. ती राज्य अभ्यासक्रमाच्या पहिली ते आठवीच्या शाळांपुरती आहेत. सीबीएसई किंवा इतर मंडळांच्या शाळांत परीक्षेची रचना वेगळी असते, पण पालकसभा, वह्या आणि घरचा अभ्यास यांबद्दलचं बहुतेक सगळं तिथेही चालेल.

१. आकारिक आणि संकलित म्हणजे नेमकं काय? आमच्या वेळी सहामाही-वार्षिक होती.

संकलित म्हणजे साधारण तुमची सहामाही आणि वार्षिक. सत्राच्या शेवटी जे शिकवलं त्यावर एकदा परीक्षा. आकारिक म्हणजे सत्रभर वर्गात जे चालतं ते बघून शिक्षकांनी केलेल्या नोंदी: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय वगैरे. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलं आणि महाराष्ट्रात ते २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलं.

वजन इयत्तेनुसार बदलतं. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे दुसरीतल्या मुलाच्या शंभरातले सत्तर गुण परीक्षेच्या दिवशी ठरतच नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला जागवून काय मिळणार, ते यावरून लक्षात येईल. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आली आहे, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

२. गुण दिसत नाहीत, नुसती श्रेणी दिसते. अ-२ म्हणजे किती?

९१ ते १०० म्हणजे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली २१ ते ३२ इ-१ आणि २० किंवा कमी असतील तर इ-२.

पण एक लक्षात घ्या. माझ्या वर्गात गणितात ब-१ असलेली दोन मुलं आहेत. एकाला तोंडी हिशोब झटपट येतात, शाब्दिक उदाहरण वाचताना तो अडतो. दुसरीचं बरोबर उलट. श्रेणी एकच, दोघांच्या घरी करायची मदत पूर्ण वेगळी. श्रेणी बघून समजलं असं वाटलं तर प्रश्न ३ वाचा.

३. पालकसभेला जातो, सही करतो, चहा घेतो, येतो. तिथे विचारायचं तरी काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो खरा आहे.

आधी हे समजून घ्या की तुम्ही मेहरबानी मागायला आलेले नाही. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती हे पालकांना सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्य आहे. तेव्हा संकोच नको.

जाताना मुलाची एक वही सोबत घ्या, गणिताची किंवा भाषेची, आणि ती उघडून विचारा: याला आत्ता काय येतं ते मला दाखवा. कुठे अडतो ते दाखवा. पुढच्या महिन्यात काय आलं पाहिजे?

उत्तरात फरक कसा ओळखायचा? ‘गणितात जरा कच्चा आहे, घरी लक्ष द्या’ हे उत्तर नाही. त्यातून तुम्ही घरी जाऊन काय करणार, त्याला ओरडणार एवढंच. ‘हातच्याची वजाबाकी येते, पण मधे शून्य आलं, म्हणजे ५०३ वजा २७८ असं काही असलं, की गडबडतो’ हे उत्तर आहे. आता घरी सुट्ट्या नोटा घेऊन बसता येतं: पाचशेची एक नोट, वर तीन रुपये, यातून दोनशे अठ्ठ्याहत्तर द्यायचे तर आधी पाचशेची मोड करावीच लागते. शून्यातून हातचा मागायचा म्हणजे काय, ते मुलाला तिथे दिसतं.

शिक्षकांनाही बोलते. ‘कच्चा’ हा शब्द आपण इतका सवयीने वापरतो की आपल्यालाही पुढचं विचारायचं राहून जातं. वही समोर असली की पालकही नेमकं विचारतात आणि आपल्यालाही नेमकं सांगावं लागतं.

४. सभा दुपारी तीनला असते. आम्ही मजुरीला जातो, रोज बुडतो. कसं यायचं?

वेळ बदलून मागा, लेखी मागा, चार-पाच पालकांनी मिळून मागा. आमच्याकडे सभा संध्याकाळी साडेसहाला घ्यायला लागल्यावर पहिल्यांदाच वडील मंडळी दिसायला लागली, तोवर सगळा भार आयांवर होता. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी भेटणंही चालतं, कारण त्या दिवशी वस्तीवरची माणसं गावात येतातच. ते नसेल जमत, तर मुलाच्या वहीत एक ओळ लिहून पाठवा, किंवा मुलाकडून लिहून घ्या.

५. प्रगतीपत्रकातल्या नोंदी सगळ्या मुलांच्या सारख्याच असतात. हे कसं?

तुमची शंका खरी आहे. प्रगतीपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात. चाळीस मुलं, दोन सत्रं, सगळे विषय. मग वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात आणि तिथून वाक्यं उतरवली जातात: ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’, ‘शालेय उपक्रमात सहभागी होतो’. एका पालकांनी त्यांच्या मुलीचं प्रगतीपत्रक मला दाखवलं होतं. त्यात नऊ नोंदी होत्या आणि नऊच्या नऊ ‘घेतो, करतो, म्हणतो’. मुलीचं नाव वर आणि खाली सगळा मुलगा! हसू येतं, पण त्या मुलीने ते वाचलं होतं.

तुम्ही काय करू शकता? भांडू नका. ‘उत्साहाने भाग घेतो असं लिहिलंय, एखादा प्रसंग सांगाल का?’ एवढं विचारा. ज्यांनी पाहून लिहिलं असेल ते लगेच सांगतील. आणि तुमच्याकडची माहिती द्या. मुलगी घरी शेळ्यांचा हिशोब ठेवते, आजीला औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचून दाखवते, हे शिक्षकांना कुठून कळणार? माझ्या कित्येक चांगल्या नोंदी पालकांच्या तोंडून आल्या आहेत.

६. आम्ही दोघंही शिकलेलो नाही. घरी काय कप्पाळ मदत करणार?

बरीच करू शकता. वाचता येत नसलं तरी अडखळणं ऐकू येतं. मुलाला रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला लावा आणि नुसतं ऐका. महिन्यापूर्वी शब्द-शब्द तोडून वाचत होता, आता वाक्य सलग येतंय का, हे कानाला कळतं. वाचून झाल्यावर ‘मग काय झालं?’ विचारा. गोष्ट सांगता आली तर समजलंय.

ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी एक सोपी पायरी सांगते. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणात घरोघर जाऊन मुलांचं वाचन याच रीतीने बघते: अक्षर, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठल्या पायरीवर अडतं ते पाच मिनिटांत कळतं. मात्र ते मुलाच्या कपाळावर चिकटवू नका, चार पाहुण्यांसमोर तर मुळीच नको.

पहिली ते तिसरीच्या मुलांच्या आयांसाठी बऱ्याच गावांत माता पालक गट आहेत. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यात नोंदणीपासून पालक मार्गदर्शनापर्यंत जे सात स्टॉल लागतात, तिथून यांची सुरुवात होते. गल्लीतल्या पाच-सहा जणी आठवड्यातून एकदा ओट्यावर बसतात, फोनवर आलेला छोटा व्हिडिओ बघतात आणि मुलांकडून तेच करून घेतात: डाळ-तांदळाचे दाणे मोजणं, भाज्यांचे गट करणं, चित्र बघून बोलणं. तुमच्या गावात गट असेल तर जा. नसेल तर शाळेत विचारा.

७. मुलांनी स्वतःचं मूल्यमापन करायचं म्हणे! सगळेच पैकीच्या पैकी देतील.

पहिला आठवडा देतात. मग थांबतात.

आधी एक गैरसमज काढू. स्वयंमूल्यमापन म्हणजे स्वतःला गुण देणं नाही. आकारिकच्या ठरलेल्या पद्धतींत ते आणि सहाध्यायी मूल्यमापन (मुलांनी एकमेकांचं काम बघणं) पहिल्यापासून आहे, पण कागदावरच राहतं. मी करते ते असं. गणिताचा स्वाध्याय तपासायला देण्याआधी प्रत्येक उदाहरणाशेजारी मुलं खूण करतात: जमलं, अडतंय, कळलंच नाही. वही माझ्याकडे नंतर येते.

अपूर्णांकांच्या वेळी एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असं केलं आणि शेजारी ‘जमलं’ची खूण. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी चूक म्हटलं नाही. डब्यातली भाकरी काढायला सांगितली. अर्धी भाकरी ताटात ठेव. आता अख्ख्या भाकरीचा तिसरा हिस्सा त्यात घाल. ताटात अर्धीपेक्षा जास्त आहे की कमी? जास्त. मग तुझं उत्तर दोन पंचमांश, ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? ती गप्प. पाच बोटं काढली, दोन दुमडली, परत उघडली. ‘बाई, भाकरी घातली आन् कमी कशी झाली?’ तिने खूण खोडली आणि ‘अडतंय’ केलं. पाच षष्ठांश हे उत्तर तिला दुसऱ्या दिवशी आलं. आदल्या दिवशी खूण खोडली तो क्षण मला जास्त मोलाचा वाटतो. आपलं उत्तर आपणच तपासायचं असतं हे तिला तिथे कळलं.

घरी करून बघायचं असेल तर गृहपाठ झाल्यावर ‘झाला का?’ ऐवजी ‘यातलं कुठलं उत्तर चुकलं असेल असं वाटतं?’ हे विचारा.

८. मुलं एकमेकांच्या वह्या तपासतात. हे शिक्षकांचं काम टाळणं नाही का?

शिक्षक नंतर वही बघत नसतील तर आहे. बघत असतील तर नाही. नियम दोनच ठेवावेत: पेन्सिलने लिहायचं आणि आकडा द्यायचा नाही. एक चांगलं दिसलेलं, एक न कळलेलं. ‘तुझ्या निबंधात पाऊस आला पण तू कुठे होतास ते कळलं नाही’ असा शेरा एका मुलाने मित्राला दिला होता, मला त्याहून चांगला सुचला नसता. सहाध्यायी मूल्यमापनावरून कुणाची चेष्टा होत असेल तर मात्र तसं शिक्षकांना स्पष्ट सांगा.

९. बाई वहीत गुण देत नाहीत, नुसतं लिहितात. आम्हाला कळणार कसं?

त्यांनी लिहिलेलं वाचलंत तर गुणांपेक्षा जास्त कळेल. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. वर्गात रोज दिसतं तेच हे: दहापैकी सात दिसले की मूल शेजाऱ्याचे किती ते बघतं, खालची ओळ वाचतच नाही. अर्थात शेरा कामाचा हवा. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ आणि तारखेसकट सही, याला मी शेरा म्हणत नाही.

१०. पाचवीत नापास करतात का? आठवीपर्यंत ढकलतात ना?

आता तसं नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं गेलं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये निर्णय काढला आणि २०२३-२४ पासून ही परीक्षा सुरू झाली. पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ आणि २१. कमी पडलेल्यांना पूरक मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घ्यायची असते. त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून मात्र काढता येत नाही. इतर इयत्तांत पूर्वीसारखंच आहे.

निकालाच्या दिवशी धक्का बसू नये म्हणून दिवाळीनंतर लगेच शिक्षकांना विचारा: आज परीक्षा घेतली तर याचं कुठल्या विषयात अडेल? आणि पुनर्परीक्षेची वेळ आली तर पूरक मार्गदर्शन खरंच झालं का, कोणत्या दिवशी झालं, हेही विचारा. सुट्टीत हे वर्ग कागदावर भरतात अशा तक्रारी माझ्याकडे आल्या आहेत.

११. ‘पॅट’ चाचणीत कमी पडला. त्याचा निकालावर परिणाम?

‘पॅट’ म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या. त्यातली पायाभूत चाचणी ही वर्षाच्या सुरुवातीला, मागचं किती पक्कं आहे ते बघण्यासाठी. तिच्या गुणांवरून मुलाला बोलू नका. मुलाने कुठले प्रश्न सोडले ते बघा आणि प्रश्न ३ मधल्या पद्धतीने विचारा.

१२. उत्तरपत्रिका बघायला मिळते का?

वर्गातली नक्की मागा, बहुतेक शाळा दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षार्थीला माहितीच्या अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते असा निकाल दिला आहे. दहावी-बारावीला मंडळाकडून गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशी वेगवेगळी सोय आहे. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि मुदत थोडी असते, तेव्हा निकाल लागल्यावर चार दिवस विचारात घालवू नका.

उत्तरपत्रिका आली की मुलाच्या शेजारी बसून बघा. ‘एवढं सोपं चुकलास’ हे वाक्य तेवढं गिळा.

१३. मुलाला पालकसभेत बसवावं का? मोठ्यांचं बोलणं असतं.

बोलणं त्याच्याबद्दलचं आहे, मग त्याने बाहेर का उभं राहायचं? आम्ही सत्रातून एकदा मुलांनाच बोलायला लावतो. प्रत्येकाची एक संचिका असते, साध्या फायलीत वर्षभराची पाच-सहा कामं: जूनमधलं अक्षर आणि जानेवारीतलं, एक चुकलेलं आणि नंतर दुरुस्त केलेलं गणित, एक चित्र. मूल आईबाबांना ती फाईल उघडून दाखवतं. मी बाजूला असते. पहिल्या खेपेला एक आजोबा मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही बोला, हा काय सांगणार?’ आणि नातवाने नकाशा काढून त्यांना आमच्याच तालुक्यातली नदी कुठून येते ते सांगितलं. आजोबांनी ती दोन ठिकाणी चुकलीय म्हणून सांगितलं. बरोबर होते आजोबाच.

एकच पथ्य: घरची रागवारागवी सभेत नको. ती शंका असेल तर शिक्षकांना आधी एकट्याने भेटा.

१४. नवीन समग्र प्रगतीपत्रक काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधली कल्पना: शिक्षकांच्या नोंदीसोबत मुलाची स्वतःची आणि सवंगड्यांचीही नोंद. एनसीईआरटीमधल्या ‘परख’ या मूल्यमापन केंद्राने त्याचे नमुने केले आहेत आणि त्यात घरच्यांनाही भरायला जागा आहे. ती रिकामी सोडू नका, पण शिक्षकांना बरं वाटावं म्हणूनही भरू नका. ‘झोपताना गोष्ट ऐकल्याशिवाय राहत नाही, पण अनोळखी माणसासमोर बोलत नाही’ असं खरं लिहा. मुलाने भरायचा भाग तुम्ही भरू नका. प्रकल्पाचंही तेच: थर्माकोलचा ज्वालामुखी बाबांनी केला असेल तर शिक्षकांना पाच सेकंदांत कळतं.

१५. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. निकालाबद्दल विचारता येतं का?

येतं, आणि विचारायलाच हवं. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. (विनाअनुदानित खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातलं समितीचं कलम लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघ असतो.) पण बैठक खिचडी, शौचालय आणि रंगकामातच संपते. एक विषय दर बैठकीत ठेवा: तिसरीतली किती मुलं गोष्ट वाचतात, मागच्या वेळी किती वाचत होती. आकडा विचारा, नावं नकोत. एखाद्या मुलाचं नाव समितीत चर्चेला आलं की गावभर होतं. व्हॉट्सअ‍ॅप गटावर सगळ्यांचे गुण टाकले जात असतील तर तेही याच बैठकीत थांबवा.

१६. मुलगी हुशार आहे, बोलते छान, लिहायला बसली की अक्षरं उलटी होतात. कमी गुण मिळतात.

आळस म्हणून सोडून देऊ नका. अध्ययन अक्षमता असू शकते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ती मान्य आहे. अधिकृत रुग्णालयातून तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर दहावीला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ अशा सवलती मिळतात. पण त्यासाठी दहावीची वाट बघायची गरज नाही. आकारिकमध्ये तोंडी काम आहेच, तेव्हा तिला जे सांगता येतं ते तोंडी तपासा असं आजच सांगता येईल.

१७. आम्ही ऊसतोडीला जातो. दुसऱ्या सत्राची परीक्षा हुकते. पोर मागे पडतं.

हुकलेल्या परीक्षेपेक्षा हुकलेले चार-पाच महिने मोठे आहेत. निघण्याआधी शाळेत सांगा, न सांगता जाऊ नका. आजी-आजोबांकडे मागे ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का विचारा. सोबत नेणार असाल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

आणि कार्डासोबत एक जादा कागद घ्या. मी जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात अर्ध्या पानावर लिहून देते: याला दोन अंकी बेरीज हातच्याची येते, वजाबाकीला अडतो, जोडाक्षरं सुरू केली आहेत, गाणी आवडतात. खाली माझा फोन नंबर. गेल्या वर्षी दोन शिक्षकांचे फोन आले, एक सांगलीकडून, एक कर्नाटकातून. कर्नाटकातल्या सरांना मराठी अर्धवट येत होतं. त्यांनी विचारलं, ‘बाई, हे जोडाक्षर म्हणजे?’